ढालीची डावी बाजू

घरी आलेल्या पाहुण्याला, चहाच्या आधी, "मला ढकला, अगदी जोर लावून ढकला," असं तुम्ही कधी सांगितलं आहे का? नसेल, तर तुम्ही तुमच्या पाहुण्यांना ओळखत नाही, असं ढालकाकांचं स्पष्ट मत होतं. डेट्रॉइटजवळच्या नोव्हायमधल्या त्यांच्या घरी कुणी पहिल्यांदा आलं की ते त्याला पुढच्या दारानं आत घेत नसत. गराजचं दार वर जायचं आणि आत काका उभे असायचे. डाव्या हातात परातीसारखी खोल, गोल, भली मोठी ढाल, तिची कड खांद्यावर टेकवलेली, डावा पाय पुढे. काका किरकोळ अंगाचे, केस पांढरे, चष्म्याला मागून दोरी. पाहुणा संकोचायचा. कुणी दोन बोटांनी ढकलायचं, कुणी आधी बायकोकडे बघून घ्यायचं, कुणी खरंच अंगावर यायचं. काका जागचे हलायचे नाहीत. मग आत वळून काकूंना सांगायचे, "यांना साखर जास्त घाल. ढकलताना सॉरी म्हणाले."

त्यांचं खरं नाव मराठी मंडळाच्या यादीत असेलच. पण डेट्रॉइटच्या आसपासच्या मराठी घरांत ते ढालकाका होते आणि माझ्यासारख्या उशिरा आलेल्या विद्यार्थ्यांना तर दुसरं नाव ठाऊकच नव्हतं.

काका मूळचे कोल्हापूरचे. इंजिनियर होऊन फार पूर्वी इकडे आले आणि सगळी नोकरी एकाच खात्यात केली. ते खातं मोटारींच्या दारांचं. "लोक विचारतात, गाड्या बनवल्या का? नाही. मी दारं केली," असं ते सांगत. मोटारीच्या दाराचा बाहेरचा पत्रा आतल्या पत्र्यावर कडेनं दुमडून घट्ट बसवतात. ती दुमड नीट जमली नाही तर दार खुळखुळतं, गंजतं. काकांचं आयुष्य त्या दुमडीवर गेलं. निवृत्तीच्या सुमारास ते काकूंबरोबर ॲन आर्बरच्या एका छोट्या संग्रहालयात गेले. तिथं काचेमागे एका ग्रीक ढालीची कांस्याची कड ठेवलेली होती. हिरवी पडलेली, अर्धी तुटकी. काकांनी काचेला नाक लावलं. पत्रा लाकडावर दुमडला होता आणि ती दुमड त्यांच्या खात्यात करत तशीच होती. रखवालदारानं दोनदा मागं व्हायला सांगितलं. परतताना गाडीत ते काकूंना एवढंच म्हणाले, "तो माणूस आमच्या डिपार्टमेंटचा होता."

त्यानंतर गराजमधून गाड्या बाहेर गेल्या, त्या गेल्याच. मिशिगनच्या हिवाळ्यात गाडी उघड्यावर ठेवणं म्हणजे रोज सकाळी फावडं हातात घेणं. काकूंनी ते फावडं काकांच्या स्वाधीन केलं आणि विषय संपवला. गराजमध्ये लेथ आलं. फळ्या चिकटवून त्याचा गोल करायचा, तो लेथवर फिरवून आतून पोखरायचा, वरून कांस्याचा पातळ पत्रा ठोकायचा आणि शेवटी कड दुमडायची, असा तो उद्योग. ढालीच्या आत बरोबर मध्यभागी हात कोपरापर्यंत अडकवायचा पट्टा असतो आणि कडेला मूठ. काकांनी एक ग्रीक शिरस्त्राणही केलं होतं. ते गालांवरून हनुवटीपर्यंत येतं आणि कान पूर्ण झाकतं. ते घातलं की काही ऐकू येत नाही, अशी तक्रार त्यांनी एकदा चारचौघांत केली. काकू म्हणाल्या, "मला काही फरक जाणवला नाही." छातीवरच्या चिलखतांची मात्र ते टिंगल करत. श्रीमंत ग्रीक आणि रोमन सेनापती छातीवर पोटाच्या स्नायूंसकट घडवलेला पत्रा घालत. "पोट स्वतःचं, स्नायू तांबटाचे," असं म्हणून काका स्वतःच्या पोटावर टिचकी मारत.

माझी त्यांची ओळख भांडणातून झाली. मी पत्रकांच्या घरात वाढले. आमच्याकडे भिंतीला टेकून पत्रकांचे गठ्ठे असत, त्यांवर बसून आम्ही भावंडं अभ्यास करायचो. वडील साखर कामगारांच्या संघटनेचं काम करत. घरात कुणाला काही पटलं नाही तर तो ते लिहून द्यायचा. अशा घरातली मुलगी पीएच.डी.ला ॲन आर्बरला आली. त्या वर्षी मंडळाच्या गणपतीच्या मिरवणुकीत प्लास्टिकच्या तलवारी वाटल्या गेल्या आणि आपल्या रक्तात लढाई आहे, अशी भाषणं झाली. भाषणं करणाऱ्यांच्या रक्तात प्रामुख्यानं साखर होती, पण तो मुद्दा नाही. मी रात्रीतून एक पान लिहिलं. "ढाल-तलवारीचा हा पोरखेळ बंद करा" असा मथळा दिला आणि मंडळाचे कार्यक्रम होतात त्या शाळेच्या पार्किंगमध्ये प्रत्येक गाडीच्या वायपरखाली एकेक प्रत सरकवली. खाली माझं नाव होतं, नंबर होता. निनावी पत्रक म्हणजे नुसता कचरा, असं वडील म्हणायचे.

फोन एकच आला.

"पत्रकबाई का?" पलीकडून आवाज आला. "पटलं सगळं. एक चूक आहे. ढाल-तलवार असं एका दमात लिहिलंयस. तलवार एकट्याची असते. ढालीचं तसं नाही. रविवारी ये, दाखवतो."

मी गेले, ढकललं, कमी साखरेचा चहा घेतला आणि लगेच वाद सुरू केला. ढाल निष्पाप कशी, असं मी विचारलं. रोमन सैन्याच्या चौकोनी, वाकवलेल्या ढाली एकमेकींना भिडवून केलेली भिंत किती गावांवरून फिरली? त्या भिंतीमागे कर वसूल करणारे होते, गुलामांचे बाजार होते. काका पत्रा ठोकत होते, थांबले नाहीत. "खरंय," ते म्हणाले. "मी केलेल्या दारांच्या गाड्यांनी पण हवा काळी केली. दुमड चांगली असली म्हणजे माल चांगल्या कामाला गेला असं नाही." माझ्या पिशवीत आणखी चार मुद्दे तयार होते. समोरचा मान्यच करतो म्हटल्यावर त्यांचं काय करायचं हे मला सुचेना.

मान्य करण्यात काका कधी हात आखडता घेत नसत, आणि मान्य केलेली गोष्ट दुसऱ्या दिवसापासून अमलात आणत. ग्रीक सैनिक नागरिक असायचा, स्वतःच्या पैशानं ढाल घ्यायचा, हे ते कौतुकानं सांगत होते. मी म्हटलं, आणि रणांगणापर्यंत ती ढाल वाहून कोण न्यायचं? गुलाम. त्याचं नाव कुठंच नाही. तोवर शनिवारी त्यांच्याबरोबर ढाली घेऊन सराव करणाऱ्या गटात रिवाज असा होता की वयानं लहान असलेल्या समीरनं सगळ्यांच्या ढाली गाडीतून काढायच्या. समीर नागपूरचा, व्हिसावर आलेला आयटीवाला, नाही म्हणायची त्याला सवय नव्हती. पुढच्या शनिवारी काकांनी सांगून टाकलं की प्रत्येकानं आपली ढाल आपण उचलायची. डॉक्टर शैलामावशी, निवृत्त भूलतज्ज्ञ, गुडघ्यांची तक्रार करू लागल्या. काका म्हणाले, "हळू या. लढाई थांबेल."

ढाली फक्त मारामारीसाठी नव्हत्या, हेही मला त्या गराजमध्ये कळलं. रोममध्ये आकाशातून पडलेली एक पवित्र ढाल होती, अशी कथा आहे. ती चोरीला जाऊ नये म्हणून राजानं तिच्यासारख्या हुबेहूब अकरा ढाली करवून घेतल्या. मार्च महिना आला की पुजारी त्या बाराही ढाली घेऊन, त्यांवर ठोके देत, रस्त्यातून नाचत जात. खरी कोणती हे कुणालाच ठाऊक नाही. काकांना ही गोष्ट फार आवडायची. मला म्हणायचे, "तुझ्या वडिलांचा धंदा हाच. अस्सल वाचवायचं तर प्रती काढा." दुसरी गोष्ट ग्रीकांची. जिंकून आणलेल्या ढाली ते देवळात टांगत. पण असं सांगतात की टांगण्याआधी आतला हाताचा पट्टा काढून घेत. म्हणजे उद्या शहरात दंगा झाला तर देवळात घुसून कुणी त्या चढवू शकणार नाही.

ही माहिती काकांनी एकदा वापरली. खंडेनवमीला मंडळाची शस्त्रपूजा शाळेच्या उपाहारगृहात असते. लॅपटॉप, मोटारीच्या किल्ल्या, शैलामावशींचा स्टेथोस्कोप, सगळं एका टेबलावर, त्यावर झेंडूची फुलं. अध्यक्षांना व्यासपीठामागे काकांची ढाल हवी होती आणि तिच्यावर आडवी तलवार. काकांनी ढाल दिली. तलवार टांगायला अध्यक्ष स्टुलावर चढले, तेव्हा काकांनी खालून स्टूल धरलं, तलवार त्यांच्या हातातून घेतली आणि टेबलाखाली ठेवून दिली. अध्यक्षांनी कारण विचारलं. काका म्हणाले, "जागा नाही." भिंत सगळी मोकळी होती. ढालीच्या आतला पट्टा त्यांनी घरीच काढून ठेवला होता, हे मला परतताना गाडीत कळलं.

पण काकांचा जीव खरा अडकला होता तो ओळीत. एकट्या ढालीत त्यांना रस नव्हता. त्यांनी आठ ढाली केल्या आणि आठ माणसं जमवली. काका स्वतः, काकू, शैलामावशी, समीर, मी, दोन बँकवाले मित्र आणि प्रदीप. प्रदीप पुण्याचा, मोटारींच्या सीटा डिझाइन करणारा, गटातला सर्वांत हुशार माणूस. दर शनिवारी सकाळी काकांच्या वसाहतीतल्या तळ्यामागच्या गवतावर आम्ही खांद्याला खांदा लावून उभे राहायचो. ढाल डाव्या हातात, म्हणजे माझी उजवी कूस उघडी. ती झाकायची माझ्या उजवीकडच्या माणसाच्या ढालीनं. काका हे सांगायचे आणि आम्ही माना डोलवायचो. मग चालायला सुरुवात व्हायची आणि ओळ उजवीकडे सरकायची. नेहमी उजवीकडेच. प्रत्येक जण नकळत उजवीकडच्या ढालीच्या आडोशाला सरकतो, त्याला बघून पुढचा सरकतो आणि सरळ निघालेली ओळ तिरकी होत तळ्याकडे जाते. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी ग्रीकांच्या ओळींचंही हेच होत होतं. काका म्हणायचे, "भीती उजवीकडे चालते." आणि आम्हाला पुन्हा मागे नेऊन उभं करायचे. तळ्यावरच्या बदकांना आमची सवय झाली होती.

मग त्या उन्हाळ्यात काकांचं जाणं ठरलं. काकूंना दम्याचा त्रास होता आणि मागच्या हिवाळ्यात त्यांना थंड हवेत दारापर्यंत जाणंही जड झालं होतं. मुलगा ॲरिझोनात चँडलरला चिप बनवणाऱ्या कंपनीत होता, तो बऱ्याच दिवसांपासून बोलावत होता. काकांनी वाद घातला नाही. घर विकायला काढलं. फक्त एक इच्छा आम्हाला सांगितली, तीही मागितल्यासारखी. ॲन आर्बरला विद्यार्थ्यांचा एक गट होता, रोमन ढाली घेऊन सराव करणारा. बर्फावरची हॉकी खेळणारी आडदांड मुलं. काकांनी त्यांना पानगळीतला एक रविवार ठरवून दिला. ती मुलं धावत येऊन धडकणार आणि आम्ही उभं राहायचं. "जिंकायचं नाही," काका म्हणाले. "एकदा तरी न मोडता उभी राहिलेली ओळ बघायची आहे. मग मी जातो."

ऑगस्टमध्ये काका-काकू आठवडाभर चँडलरला घर बघायला गेले. गराजची किल्ली प्रदीपकडे होती. प्रदीपला वाटलं, काकांना जाण्याआधी काहीतरी द्यावं. आणि मोटार कंपनीतला इंजिनियर प्रेमानं काय देतो? तो वजन कमी करून देतो. त्यानं आम्हा प्रत्येकाची मापं घेतली, संगणकावर प्रत्येकाचं शरीर आणि ढाल मांडली आणि बघितलं की पट्टा मध्यभागी असल्यामुळे ढालीचा डावीकडचा बराच भाग कोपराच्या पलीकडे नुसता हवेत असतो. तिथं आपलं अंगच नाही. म्हणजे मेलेलं वजन. त्यानं आणि समीरनं मिळून सहा ढालींचा तो भाग कापून काढला. काकांची स्वतःची ढाल त्यानं आदरानं तशीच ठेवली. शैलामावशींची त्यांच्या घरी होती म्हणून वाचली. कापलेल्या कडेवर पत्रा पुन्हा दुमडला, घासला, चकाकवला. मी परीक्षांचे पेपर तपासून शनिवारी आले तेव्हा प्रदीपनं माझ्या हातात ढाल दिली. ती पिसासारखी हलकी वाटली. मला आवडली, खोटं कशाला सांगू? सगळ्यांनाच आवडली. समीर म्हणाला, "यार, ही तर सहज दिवसभर धरता येईल."

काका परत आले. त्यांनी एक ढाल उचलली, कडेवरून अंगठा फिरवत सावकाश पूर्ण फेरी मारली. आम्ही त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. "दुमड छान जमलीय," ते म्हणाले. त्यांनी ते मनापासून म्हटलं आणि प्रदीप खुलला. मग काकांनी आम्हाला ओळीत उभं केलं. स्वतः ओळीत आले नाहीत. कोपऱ्यातल्या झाडूचा दांडा घेतला आणि समोरून एकेकाजवळ थांबत गेले. दोन ढालींच्या मधल्या फटीतून तो दांडा आत यायचा आणि प्रत्येकाच्या उजव्या कुशीला अलगद टेकायचा. समीरला गुदगुल्या झाल्या, तो हसला. माझ्या बरगडीला दांडा लागला तेव्हा मला हसू आलं नाही.

प्रदीपनं आपल्या हातातल्या ढालीकडे बघितलं. समीर त्याच्या डाव्या बाजूला उभा होता. प्रदीप म्हणाला, "पण काका, त्या भागात माझं काहीच नव्हतं. मी चेक केलं होतं."

"तुझं नव्हतंच," काका म्हणाले. "तिथं समीर होता."

एवढं बोलून ते दांडा जागेवर ठेवायला गेले.

मी खूप पत्रकं लिहिली आहेत. मथळा कसा असावा यावर मी लोकांना शिकवतेसुद्धा. पण आपल्या या उपनगरांतल्या जगण्यावर याहून नेमकं काही मी ऐकलेलं नाही. आपण हुशार माणसं आहोत आणि आपण हेच करत आलो आहोत. आपल्या मापाचं घर, आपल्या मुलांपुरती चांगली शाळा, आपल्या कागदांपुरती आपली चिंता. शेजारच्या व्हिसावाल्याची नोकरी गेली की त्याला जेवायला बोलवायचं आपण बंद करतो, कारण तो कुठं शब्द टाकायला सांगेल. त्या शब्दाला आपल्याला काय वजन पडलं असतं? आणि हे करणारी माणसं वाईट नसतात. प्रदीप वाईट नव्हता. तो भेट देत होता. त्यानं फक्त स्वतःचं माप घेतलं आणि त्या मापाबाहेरचं सगळं फुकट मानलं.

नव्या ढाली करायला वेळ उरला नव्हता. काकांनी रविवार रद्द करायची भाषा केली नाही, पण गराजमधली एकेक वस्तू ते खोक्यांत भरू लागले आणि शनिवारविषयी बोलेनासे झाले. काकू मला फोनवर म्हणाल्या, "हे जेवतात, झोपतात, सगळं करतात, फक्त ठोकत नाहीत. घर असं शांत झालं की माझी झोप उडते."

तोडगा प्रदीपनंच काढला. इंजिनियर कापलेला तुकडा कधी फेकत नाही. चंद्रकोरीसारखे ते सहाही तुकडे त्यानं नावं चिकटवून आपल्या तळघरात ठेवले होते. एका संध्याकाळी तो ते घेऊन काकांच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला की जोडता येतील का ते बघा, नाहीतर मी हॉकीच्या पोरांसमोर उघडा उभा राहतो. काकांनी तुकडे हातात घेतले, कडा जुळवून बघितल्या. मग भरलेल्या खोक्यांपैकी एक फोडलं आणि त्यातून हातोडी काढली. पुढचे काही आठवडे आम्ही सगळे आळीपाळीनं त्या गराजमध्ये होतो. खुंट्या ठोकून, सरस लावून तुकडे बसवले. वरून कांस्याची पट्टी आणि तिला बारीक रिव्हेट. प्रत्येक ढालीवर एक उभा व्रण आला. प्रदीपनं जोडलेली ढाल वजन करून बघितली आणि कसनुसं तोंड केलं. ती मूळच्यापेक्षाही जड झाली होती. काका म्हणाले, "होऊ दे."

त्या रविवारी नदीकाठच्या मैदानावर गवत ओलं होतं. समोर ती मुलं चौकोनी लाल ढाली घेऊन उड्या मारत अंग गरम करत होती. त्यांच्यातल्या एकानं शैलामावशींना इंग्रजीत विचारलं की तुम्हाला नक्की यात उभं राहायचंय ना. मावशी म्हणाल्या, "बेटा, मी चाळीस वर्षं लोकांना बेशुद्ध केलंय. तू ये." काकूंना काकांनी ओळीबाहेर खुर्चीवर बसवलं होतं, त्यांचा श्वास त्या हवेत पुरत नव्हता. उरलो सात. काका ओळीच्या उजव्या टोकाला उभे राहिले. त्यांच्या डावीकडे मी, माझ्या डावीकडे प्रदीप, मग समीर आणि बाकीचे. काकांची ढाल माझ्या उजव्या कुशीवर आली आणि मला बरं वाटलं. तेव्हाच माझ्या लक्षात आलं की त्यांच्या उजवीकडे कुणीच नाही. उजव्या टोकाच्या माणसाची कूस उघडीच राहते, त्याला इलाज नाही. मी काही बोलणार होते, पण मुलं धावत निघाली होती.

धडक बसली तेव्हा आवाज आधी आला. माझे पाय चिखलात मागे घसरले आणि थांबले. कुणीतरी, बहुतेक समीरनं, दात आवळून आईचं नाव घेतलं. प्रदीपच्या ढालीचा जोड करकरला. उजवीकडे सरकावं, काकांच्या आडोशाला जावं, असं माझं सगळं अंग म्हणत होतं. सरकले असते तर माझ्या ढालीमागचा प्रदीप उघडा पडला असता. मी सरकले नाही. प्रदीप सरकला नाही. मुलं रेटत होती, आम्ही उभे होतो, आणि मग त्यांच्यातलाच एक जण धापा टाकत मागे हटला. ओळ जिथं होती तिथं होती. काकांनी मान वळवून डावीकडे शेवटच्या माणसापर्यंत एकदा बघितलं.

मुलांना पुन्हा करून बघायचं होतं. काकांनी होकार दिला आणि दुसऱ्या धडकेत आम्ही पत्त्यांसारखे आडवे झालो. शैलामावशी एका हॉकीवाल्यावर पडल्या आणि त्यानंच त्यांना उठवलं. काकांचा चष्मा दोरीनं मानेवर लोंबत होता, कोपर सोललं होतं. तिसऱ्यांदा करू या, असं समीर म्हणाला. काका म्हणाले, "नको. झालं माझं."

नोव्हेंबरात ट्रक आला. लेथ विकलं गेलं. सात ढाली काकांनी आमच्याकडे ठेवल्या आणि स्वतःची नेली. आमची ओळ चालू आहे. शनिवारी आम्ही जमतो, अजूनही तळ्याकडे सरकतो, पण कमी. समीरची कंपनी या वसंतात बंद पडली, तेव्हा प्रदीपनं स्वतःच्या तीन ओळखीच्या मॅनेजरांना फोन लावले आणि समीरला नोकरी लागेपर्यंत रोज लावत राहिला. त्यानं हे कुणाला सांगितलं नाही. मला समीरनं सांगितलं.

चँडलरला सगळं बरं आहे. काकू आता दम न लागता बाजारात जाऊन येतात. काकांना मात्र तिथं ओळखीचं कुणी नाही. आजूबाजूला आपलेच लोक भरपूर आहेत, पण उन्हामुळे सगळे आतून गाडीत आणि गाडीतून आत. मुलगा दिवसभर कामावर. काका सकाळी ऊन चढायच्या आत घरामागच्या कालव्याकाठी ढाल घेऊन जातात आणि थोडा वेळ उभे राहतात. मी फोनवर विचारलं तर म्हणाले की खांद्याचा व्यायाम आहे, डॉक्टरनं सांगितलाय. काकूंनी नंतर फोन घेतला. त्या म्हणाल्या, "मी खिडकीतून बघते गं. कडेला लोखंडी कुंपण आहे. हे त्याला लागून उभे राहत नाहीत. डावीकडे एका माणसाची जागा सोडून उभे राहतात."

हा अंक ॲरिझोनातही जातो, म्हणून हे सगळं लिहिलं. तुम्ही चँडलरला राहत असाल, किंवा तुमचं कुणी तिथं असेल, तर संपादकांकडून माझा नंबर घ्या, मी पत्ता देते. सकाळी लवकर जा. ग्रीक इतिहास ठाऊक नसला तरी चालेल, ढाल नसली तरी चालेल. त्यांना काही विचारू नका, समजावू नका. ते आणि कुंपण यांच्यामध्ये जागा आहे, तिथं जाऊन उभे राहा.